मॉरिशसहून धाराशिव, व्हाया लोहारा

पुण्यातल्या एका कॉलेजात सहा वर्षं तासिका तत्त्वावर मराठी शिकवून मी लोहाऱ्याला आईवडिलांकडे परत आले, तेव्हा माझ्याजवळ एक लॅपटॉप, पुस्तकांची तीन खोकी आणि तीन विद्यार्थी होते. विद्यार्थी परदेशातले. दर शनिवारी संध्याकाळी मी त्यांना पडद्यावरून मराठी शिकवायचे, आणि त्यासाठी पुण्यात खोली घेऊन राहायची काही गरज नव्हती. पुढच्या खोलीत रेंज बरी येते म्हणून तिथं खिडकीशी टेबल लावलं. पाठीमागची भिंत मुद्दाम कोरी ठेवली. कुठं राहता असं कुणी विचारलं तर मी सांगायचे, सोलापूरजवळ.

घरी मी घरच्यासारखी बोलायचे आणि वर्गात बसले की वेगळी. आई एकदा शेळीला पाला टाकून आत आली आणि दारातच थांबून ऐकत राहिली. वर्ग संपल्यावर म्हणाली, "तितं बसलीस की तू पाहुण्यावानी बोलतीस." मी हसण्यावारी नेलं. पण माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत 'कुठं', 'इथं' दिसलं की मी लाल रंगात 'कुठे', 'इथे' करत होते, हे खरं आहे.

तिघांपैकी एक मॉरिशसचे काका. साखर कारखान्यात फिटर होते, सत्तरीला आलेले. त्यांचे पूर्वज कोकणातून तिकडं गेलेले. घरात आता क्रिओल बोलतात, पण आई होती तोवर काकांच्या कानावर मराठी पडत होती. दुसरी पोलंडची एक मुलगी, लातूरच्या मुलाशी लग्न ठरलेली. सासूशी बोलता यावं म्हणून शिकत होती. तिसरा सिंगापूरचा इंजिनिअर. आईवडील पुण्याचे, पण तो तिकडंच वाढलेला. त्याला चूक अजिबात चालायची नाही, स्वतःचीही नाही आणि दुसऱ्याचीही नाही.

अभ्यासक्रमाच्या शेवटी मी त्यांना एक काम दिलं. महाराष्ट्रातलं एक शहर निवडायचं आणि आपण तिथं एक दिवस फिरून आलो असं समजून त्याबद्दल मराठीत बोलायचं. कुठं उतरलो, काय पाहिलं, काय खाल्लं, रस्ता कुणाला आणि कसा विचारला. जायचं नाही कुठंच. नकाशे, फोटो, फोन, जे हाताशी असेल त्यावरून माहिती काढायची. मी पुणे, नाशिक, कोल्हापूर अशी नावं पुढं ठेवली. इंजिनिअरनं लगेच पुणं घेतलं. काका आणि पोलंडची मुलगी दोघं मिळून एक शहर करणार होते. काकांनी मला विचारलं, "बाई, तुमचं शहर कोणतं?"

मी म्हटलं, आमचं गाव लहान आहे, तालुक्याचं. त्यावर मुलीनं विचारलं की मग जिल्ह्याचं शहर कोणतं. धाराशिव, मी सांगितलं. आणि मग त्यांना परावृत्त करायचा बराच प्रयत्न केला. तिथं पर्यटक फारसे येत नाहीत, इंग्रजीत माहिती कमी मिळेल, कोल्हापूर सोपं जाईल. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि धाराशिवच घेतलं.

पुढच्या शनिवारी ते माहिती घेऊन आले तेव्हा मुलगी वैतागलेली होती. तिनं आठवडाभर दोन शहरांच्या टिपणांच्या दोन वेगळ्या याद्या केल्या होत्या. एक धाराशिव, एक उस्मानाबाद. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला बस किती वेळ घेते हे तिला कुठंच सापडत नव्हतं. मी तिला सांगितलं की ते एकच आहे, नाव बदललंय. काका इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं.

धाराशिवजवळच्या लेण्यांचे फोटो त्यांना मिळाले होते. पण बसस्टँडसमोर काय आहे, लेण्यांकडं रिक्षा जाते का, दुपारी जेवायला कुठं बसायचं, हे कुठल्याच पानावर नव्हतं. काकांनी विचारलं की तिथल्या कुणाशी फोनवर बोलता येईल का. मग मी अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, नंबर दिला. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी याच रस्त्यांवर गेलेली, त्यांच्याइतकं दुसरं कोण सांगणार.

फोन रविवारी दुपारी आला. त्याआधी अण्णांनी धुतलेला शर्ट घातला होता, व्हिडिओ कॉल असणार म्हणून. सुरुवातीला ते स्टँडवरच्या घोषणेसारखं बोलत होते. "धाराशिव हे जिल्ह्याचे ठिकाण आहे," वगैरे. मी बाजूला बसले होते, मला बरं वाटत होतं. मग काकांनी विचारलं की आम्ही रेल्वे स्टेशनवर उतरलो तर चालेल का. अण्णांना ते पटलं नाही. स्टेशन गावाबाहेर आहे, तिथं उतरून काही कळत नाही, त्यापेक्षा लोहाऱ्यातून एसटीनं जा, असं त्यांचं म्हणणं. काकांनी नम्रपणे समजावलं की बाबा, आम्ही खरंच जाणार नाही, हे फक्त भाषेसाठी आहे.

अण्णा म्हणाले, "खोटं खोटं जायचं असलं तरी गाडी येळेवर धरावी लागतीच की."

तिथून पुढं घोषणेची भाषा गेली ती गेलीच. सकाळची गाडी कितीला लागते, नळदुर्गला कुठं चढणारे जास्त असतात, तुळजापूरला गाडी थांबली की चहाला उतरायचं पण कंडक्टरला सांगूनच उतरायचं, आणि डाव्या हाताला बसायचं, कारण तुळजापूर सोडल्यावर सकाळचं ऊन उजवीकडून येतं. मुलगी भराभर लिहून घेत होती. मध्येच ती म्हणाली, "'लई गर्दी' म्हणजे काय?" अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी काही बोलायच्या आत आई फोनसमोर आली आणि म्हणाली, "लई म्हंजी लई. खूपच्याबी पुढं."

मग आईचा ताबा. खायचं काय, या प्रश्नावर ती अर्धा तास बोलली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही. येताना भूम-वाशीकडच्या खव्याचा पेढा घ्यावा. काकांनी विचारलं की ही सगळी माहिती जेवणाच्या हॉटेलबद्दल आहे का. आई म्हणाली, हॉटेलात कशाला, भाकरी बांधून न्या. लेण्यात सावली असती, तितं बसून खा. मग अण्णा आणि काका उसावर घसरले. तिकडं ऊस कधी तोडतात, कारखाना किती महिने चालतो. काका फिटर होते हे कळल्यावर अण्णांनी त्यांना 'मिस्त्री' म्हणायला सुरुवात केली. काकांना तो शब्द फार आवडला.

पुढचे तीन आठवडे फोन येत राहिले. मी बऱ्याचदा घरात नसायचे. एकदा मी बाजारातून आले तर अण्णा नकाशा घेऊन बसलेले, म्हणजे त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्वतः काढलेला. स्टँड, बाजार, दर्गा, हातलाईचा डोंगर, लेण्यांचा रस्ता. फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून ते बोट फिरवत होते आणि पलीकडून मुलगी प्रत्येक वळणावर 'डावीकडं' की 'उजवीकडं' ते म्हणून दाखवत होती. चुकली की अण्णा तिला परत स्टँडवर न्यायचे.

सादरीकरणाच्या संध्याकाळी आईअण्णा माझ्या समोरच्या बाजूला, पडद्यात दिसणार नाहीत असे बसले. आधी इंजिनिअरचं पुणं झालं. स्वच्छ, बिनचूक, एकही काना-मात्रा इकडं तिकडं नाही. मग या दोघांची पाळी.

काकांनी सुरुवात केली. "आम्ही लोहाऱ्यातून सकाळच्या गाडीनं निघालो. गाडीत लई गर्दी होती. मिस्त्री असल्यामुळे मला उभं राहायची सवय आहे." मुलगी तुळजापूरला चहाला उतरली आणि कंडक्टरला सांगायचं विसरली, गाडी थोडी हलली, मग कुणीतरी ओरडून थांबवली, असा प्रसंग त्यांनी स्वतःच रचला होता. अण्णा मान हलवत होते. तिनं फोनवर सासूशी बोलल्याचंही नाटक केलं: "मी धाराशिवला आलेय. रिक्षाची वाट बघायलेय." लेण्यांत दोघांनी भाकरी खाल्ली. दोन तीन ठिकाणी त्यांचं व्याकरण साफ कोसळलं. वटवाघळांना मुलीनं 'काळे पक्षी' म्हटलं. तरी मी वही उघडी ठेवून एकही शब्द लिहिला नव्हता. मला खरोखर त्या गाडीत बसल्यासारखं वाटत होतं.

संपल्यावर इंजिनिअरनं हात वर केला. तो उद्धट नव्हता, त्याला कळून घ्यायचं होतं. त्यानं विचारलं, "'वाट बघायलेय' हे चूक आहे ना? आणि 'लई'? तुम्ही आम्हाला असं शिकवलेलं नाही."

माझ्यासमोर आई बसली होती. तिनं पदर सावरला आणि उठायला लागली, जणू चूक तिचीच होती. आईला त्या क्षणी तसं उठताना पाहून मला स्वतःची लाज वाटली. मी तिला हातानं बस म्हटलं.

मग मी इंजिनिअरला सांगितलं, "चूक नाही. आमच्याकडं असंच बोलतात. मीही घरी असंच बोलते. मी तुम्हाला ते शिकवलं नाही, ही चूक माझी."

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं की मग सिंगापूरला बसून तो 'बघायलोय' म्हणू शकतो का. मी म्हटलं, म्हण की. तेवढ्यात काकांनी चष्मा काढलेला मला दिसला. ते म्हणाले, "माझी आई 'नाय' म्हणायची. 'कुठं'ला 'खंय' म्हणायची. मी पुस्तक आणलं तर त्यात ते शब्द नव्हते. मला वाटलं, आईला मराठी नीट येत नव्हती. चाळीस वर्षं असंच वाटत होतं." मग त्यांनी विचारलं, "म्हणजे ती बरोबर होती?"

मी हो म्हटलं. अण्णा खुर्चीवरून उठून माझ्या बाजूला आले, कॅमेऱ्यात वाकले आणि म्हणाले, "मिस्त्री, आईचं कधी चुकत असतंय व्हय?" पलीकडं काका हसत होते आणि डोळे पुसत होते. पोलंडच्या मुलीला सगळं समजलं नव्हतं, तिनं मला चॅटमध्ये लिहून विचारलं. मी तिला नंतर सावकाश समजावलं.

तो वर्ग संपला. मुलीचं लग्न झालं, सासू तिच्याशी लातूरच्या बोलीत बोलते आणि तिला ते समजतं, असं तिनं कळवलं. काका अजून अण्णांना फोन करतात. गुडघ्यांमुळं ते फारसे हिंडत नाहीत, त्यामुळं दोघांचं बोलणं लांबतं. मी पलीकडच्या खोलीत असते तेव्हा ऊस, पाऊस आणि नातवंडं असं काहीबाही ऐकू येतं.

गेल्या वर्षापासून मी गावातही एक वर्ग घेते. इथल्या बँकेत बाहेरच्या राज्यांतून आलेले दोन अधिकारी आहेत, एक केरळचा, एक बिहारची. काउंटरवर आलेली माणसं काय म्हणतात ते त्यांना कळत नव्हतं. मी त्यांना आठवड्यातून दोनदा शिकवते, याच खोलीत, समोरासमोर. मागच्या आठवड्यात केरळच्या अधिकाऱ्यानं एक शब्द लिहून आणला होता. एक म्हातारे शेतकरी त्याला 'बेगीन करा' म्हणाले होते आणि तो शब्द त्याला कुठल्याच ॲपमध्ये सापडला नव्हता. मी अर्थ सांगणार, एवढ्यात आई चहा घेऊन आली आणि त्याच्या शेजारी बसून सांगायला लागली, "बेगीन म्हंजी लौकर." मी वही मिटून घेतली आणि ऐकत बसले.