लाल चिंधी

बोलताना ओठांत सदा टाचण्या, म्हणून त्या शिंप्याचं नाव टाचणी मास्तर पडलं. गिऱ्हाइकांना त्यांच्या तोंडून 'हां' आणि 'उद्या' एवढंच ऐकू यायचं, आणि मास्तरांचा उद्या काही लवकर उजाडत नसे. पण टेकडीवरच्या जांभळ्या रानफुलाचा विषय निघाला की टाचण्या मशीनवर, आणि मास्तर सुटलेच! ते फूल आता त्या एकाच उतारावर उरलं होतं, तेही एकाच रोपावर. लेकीला ते त्यांनीच खांद्यावर बसवून नेऊन दाखवलं होतं.

लेक पुढे शिक्षिका झाली. पायथ्याची दगडखाण वर सरकू लागली तेव्हा तिनेच कचेरीत खेटे घालून तपासणी मंजूर करून घेतली. रोप जागेवर दिसलं की खाण थांबणार होती.

तपासणीच्या आदल्या सकाळी मास्तर टेकडीवर गेले, बघतात तो काय! रोपाभोवती दगड रचलेले, शेजारी काठीला लाल चिंधी. खाणवाल्यांनी खूण केली, आता यंत्र फिरणार! लेकीला विचारण्याइतका धीर कुणाला? कात्रीने माती उकरून त्यांनी रोप पिशवीत घातलं आणि दुकानामागच्या खोलीत कुंडीत लावून वर तांब्याभर पाणी ओतलं. संध्याकाळी रोपाने मान टाकली. तरारलं की सांगू, उद्या सांगू, असं म्हणत ते झोपले. सकाळी देठ काळा पडला होता.

कचेरीतून तपासणीला आलेल्या अधिकारी बाई खड्डा बघत उभ्या राहिल्या. लेक खाणीच्या मुकादमावर तुटून पडली. "तुम्हीच उपटलंत! काही लाज?"

"ताई, शपथ घेतो, मी हातसुद्धा लावला नाही."

मास्तरांच्या ओठांत आज टाचणी नव्हती. जाऊ दे त्याच्या माथी, असं क्षणभर मनात आलं. त्या एका विचाराने त्यांना स्वतःची किळस आली.

"मी नेलं," ते म्हणाले. "चिंधी बघून घाबरलो. वाटलं, यंत्र येणार. घरी लावलं, पण जगलं नाही."

मुकादम पुढे आला. "अहो मास्तर, चिंधी मीच लावली. ड्रायव्हरला रोप दिसावं, चाक जाऊ नये म्हणून. तुमच्याच दुकानातून नव्हती का मागून नेली?"

नेली होती. मास्तरांनी मान वर न करता 'हां' म्हणून तुकडा फाडून दिला होता. कशाला हवी, एवढंही विचारलं नव्हतं.

लेकीने विचारलं, "बाबा, काल का नाही सांगितलंत?"

"उद्या सांगू म्हटलं."

तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मुकादमाकडे वळून ती म्हणाली, "माफ करा, दादा." ती माफी मास्तरांनी मागायची होती.