सावळीचा अबोला

हट्टात वैशाखऱ्याच्या सावळीचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही. सख्ख्या नवऱ्याशी दोन वर्षं अबोला धरला हो तिनं! भाकर वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही.

कारणही तसंच होतं म्हणा. नवरा भगीरथ वीस वर्षं खडीच्या क्रशरवर. घरी आला की शेजारच्या चंदरशी ओट्यावर गप्पा झोडायचा आणि बायकोनं हाक मारली की ढिम्म. "गड्यांचं बरं ऐकाया येतं!" ती जळफळायची. कधी तो म्हणायचा, "कानात रातकिडा वरडतोय गो." तिला वाटायचं, सोंगं नुसती! मग एक दिवस माहेराहून निरोप आला. चुलीतलं लाकूड सारत तिनं रडत सांगितलं, "आय गेली माजी." तर हा म्हणतो, "वाढ गो, भूक लागलीय." झालं! मागाहून चंदरकडून कळल्यावर तो धावत तिच्या माहेरी गेला, ढसाढसा रडला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

यंदा टोकावड्याला कान तपासायचं शिबिर होतं. चंदरनंच दोघांना एसटीत बसवून दिलं. डॉक्टरांनी भगीरथला तपासलं आणि सावळीला सांगितलं, "मशीनच्या आवाजानं कानाच्या नसा मेल्यात. बारीक आवाज आधी जातात, बायकांचे, पोरांचे. गड्यांचा जाडा आवाज मागाहून जातो. यंत्रानं थोडं भागेल, पण गेलेलं परत येत नाही."

सावळीला चुलीपुढचा तो दिवस आठवला. आईचं मरण त्याला ऐकूच गेलं नव्हतं. अरे देवा, आणि आपण काय करून बसलो!

"बायकोचा आवाज कधीपासून येत नाही?" डॉक्टरांनी त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

"आदी तुटक तुटक येत व्हता. पन दोन वर्सां झाली, येक शब्द नाय."

डॉक्टरांनी तसं कागदावर लिहून घेतलं. खरं सांगायला सावळीची जीभ उचलेना.

स्टँडच्या बाकड्यावर मात्र तिला राहवलं नाही. त्याचा हात घट्ट धरून ती भडाभडा बोलत सुटली. आईचं, रागाचं, अबोल्याचं, सगळं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिचं बोलून संपल्यावर त्यानं तिचे डोळे पुसले.

"काय पन कळलं नाय गो," तो म्हणाला. "आशीच बोलत आसशील दोन वर्सां. माज्या कानांनी समदं वाया घालवलं बघ."