बेलभंडारा आणि नजरगहाण

कुरडयांचा चीक अर्धाच शिजला होता. चीक चुलीवर चढला की हात थांबवता येत नाही, लगेच गाठी होतात. म्हाळसा घोटत होती, मी पातेलं धरून बसले होते, तेवढ्यात माझ्या अंगणात राजदूत फटफटी येऊन थांबली. म्हाळसाचा थोरला भाऊ हिंदुराव अंथुर्ण्याहून आला होता.

"म्हाळसे, घरी कुलूप, हितं मैफल! उद्या इंदापूरला कागद करून टाकू. दाजींना रजा काढाय सांग."

"दादा, बस. चीक सोडून कुठं उठू?"

म्हाळसा आमच्या कळंबातली माझी शेजारीण. हसली तर चौथ्या घरी ऐकू जातं आणि रागावली की भलत्या वेळी अंगण झाडायला घेते. तिचे सासरे मेंढरांमागं हिंडत म्हातारे झाले आणि शेवटी त्यांनी या दोन खोल्या बांधल्या. त्याआधी त्या घराण्यात कुणाच्या दाराला कडी नव्हती. म्हणून सणाला देवाला नैवेद्य झाला की ती उंबऱ्यालाही दाखवते.

गेल्या पावसात तिची मागची भिंत खचली. सगळं उतरवून पक्कं बांधायचं, तर पैसे हवेत. नवरा बापूसाहेब कारखान्यात फिटर, पगार बरा, पण साठलेलं काही नाही. हिंदुराव आपण होऊन म्हणाला, "बहिणीकडनं व्याज घेऊ व्हय? पाच वर्षांची मुदत खरेदी करून द्या, सवडीनं पैसे द्या, घर परत घ्या." वर बिरोबाच्या देवळात जाऊन त्यानं बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की कागदावर काही असो, घर बहिणीचंच. म्हाळसा तिथंच हो म्हणाली. मलाही बरं वाटलं. देव मधे असताना आणखी काय पाहायचं?

पण बापूसाहेबांच्या मनात कुठंतरी खटकत होतं. मेहुण्याला कसं बोलायचं, म्हणून ते गुपचूप म्हाळसाला घेऊन इंदापूरला गेले. कचेरीबाहेर दस्त लिहिणारे झुंबरआबा बसतात. त्यांनी चहा मागवला आणि सांगितलं ते म्हाळसानं घरी आल्यावर मला जसंच्या तसं सांगितलं.

"बाई, घर गहाण ठिवायच्या तऱ्हा येगळ्या. ताबेगहाण म्हंजे पैसं फिटस्तवर घरात त्यो ऱ्हाणार, तुमी भाईर. नजरगहाणात घरात तुमीच, निस्ता कागदावर बोजा. आन मुदत खरेदी म्हंजे खरेदीच की. मुदतीत पैसं दिलं तर परत, न्हाय तर कोर्टाच्या पायऱ्या."

"माझ्या भावानं भंडारा उचललाय, आबा."

"मग त्यो फसवणार न्हाय. पर पाच वर्सं कुणी बघितल्यात?"

बापूसाहेबांनी बँकेतही विचारलं. बँक घर नजरगहाण घेते, हप्ता पगारातून कापते आणि मुद्दल फिटेल तसं व्याज कमी होत जातं. फक्त वेळ लागतो आणि कागद फार. त्या संध्याकाळी म्हाळसा दिवेलागणीला अंगण झाडताना दिसली. घर ठेवावं तर भाऊ दुखावतो, भाऊ ठेवावा तर घर टांगणीला. माझ्या रोजच्या जपात त्या दिवशी तिचं नाव घेतलं.

आणि आता भाऊ समोर बसला होता. म्हाळसा चुलीकडंच बघत म्हणाली,

"दादा, मुदत खरेदी नको. बँकेचं काढतो आमी."

"का? माझ्यावर इस्वास न्हाय?"

"हाय की. तुझ्या भंडाऱ्यावर माझा जीव ठिवीन."

"मग?"

"भंडारा तू उचललास, दादा. तुझ्या पोरांनी कुठं उचललाय? कागदावर नाव तुझं, तुझ्यामागं त्यांचं. उद्या माझ्या भाच्यांच्या दारात मी माझंच घर मागाय येऊ?"

हिंदुरावाची कानशिलं लाल झाली. मला वाटलं, आता हा उठून जाणार आणि दिवाळीला हिला माहेर नाही. मी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

"थोरला माझा आत्ताच इचारतोय," तो शेवटी हळू म्हणाला, "आत्याचं घर आपल्याला यायचंय का म्हणून. मी मुस्काडात दिली त्याच्या. पर इचारलं त्यानं."

म्हाळसाच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलीचा धूर म्हणून तिनं पदर लावला.

"बँकेला जामीन कोण?" हिंदुरावानं विचारलं.

"बघतील कारखान्यातलं कुणीतरी."

"कुणीतरी? भाऊ मेलाय व्हय तुझा? सही माझी. आन दाजींना सांग, चोरून इंदापूरला गेलेलं सगळ्या एसटीनं बघितलंय."

ती अशी हसली की कोंबड्या उडाल्या. मग त्यानं वाटीभर चीक गूळ घालून खाल्ला आणि आणखी मागितला.

बँकेनं घराचा उतारा मागितला आहे. उद्या ग्रामपंचायत उघडली की म्हाळसा तो काढायला जाणार आहे.