नानांचं ‘नको’

एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात किस्से साठतात ते धागा तुटतो म्हणून. मशीन थांबलं, की धागा ओवेपर्यंत कुणीतरी तोंड उघडतं. धागा ओवून झाला, की मशीन पुन्हा सुरू, आणि उरलेला किस्सा त्या खडखडाटात गेला! त्यामुळे आमच्याकडचे निम्मे किस्से अर्धवटच आहेत. चीनचे किस्से तेवढे सगळ्यांना तोंडपाठ, आणि नेमके तेच चुकीचे पाठ!

सुरतेत, उधन्याला आमच्या कारखान्यात येऊन कुणालाही विचारा, “थकेला कुठं बसतो?” लगेच माझ्याकडे बोट दाखवतील. चीनला फिरायला नेलं आणि दमून बसला तो मीच म्हणे. तेव्हा माझं वय चौतीस, अंगात बैलाची ताकद. पण खरं काय ते बोलायची सोय नव्हती. आता सेठलाही सगळं कळलंय, म्हणून सांगतो. तुम्ही हसाल. हसा बापडे! माझे तळहात मात्र आजही ओले होतात.

*

सुरुवात चीनमध्ये नाही झाली, बमरोलीला झाली. नानांच्या घरी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला.

नाना म्हणजे आमचे हेड फिटर. धुळ्याकडचे, साठीला टेकलेले. नुसत्या आवाजावरून कुठली सुई वाकली ते सांगायचे. आणि लिऊ म्हणजे मशीनं बसवायला आलेला चिनी इंजिनीअर. आठ महिने सुरतेत राहिला. हिंदी कारागिरांकडून शिकला, गुजराती रिक्षावाल्यांकडून, आणि जेवायला शिकला नानींच्या हाताखाली.

आखाजीला नानींनी चुलीवर खापर पालथं घातलं होतं. हातभर लांब पुरणाचे मांडे आणि आमरस. लिऊ दोन मांड्यांवर म्हणाला, “नको.” नानी म्हणाल्या, “ले ना भो, आखो एक!” आणि आणखी एक वाढला. तिसऱ्यावर “नको” म्हणाला, चौथा पडला. पाचव्याला पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

नाना हसून हसून बेजार. मग त्यांनी त्याला आमचा कायदा शिकवला. “लिऊ, हमारे यहाँ मेहमान का नको मतलब शरम. सुननेका नहीं, और वाढनेका. जो एक नको में रुक गया, वो कंजूस!”

“और सच में पेट फुल है, तो?” लिऊनं विचारलं.

“तो ये.” नानांनी आपल्या ताटावर दोन्ही तळवे आडवे धरले, मान खाली घातली. “ऐसा किया, तो फिर ब्रह्मदेव भी नहीं वाढेगा.”

लिऊनं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो कामावरच आला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि पहिला प्रश्न काय विचारावा? “नाना, आप चीन कब आएगा?”

*

वर्षभरानं तो योग आला. सेठ कडोदऱ्याला नवं युनिट टाकत होता. मशीनं लिऊच्या कंपनीची, युनिटचे इन्चार्ज नाना. सहा दिवसांच्या ट्रेनिंगला सेठनं नानांना पाठवायचं ठरवलं, सोबत मला.

मुंबईची गाडी पकडायला आम्ही उधना स्टेशनवर उभे होतो. नाना डब्यात चढले आणि नानींनी मला पाण्याच्या नळामागं ओढलं.

“भटू, तुझा नाना तीन महिन्यांपूर्वी वीस दिवस गावी गेला होता ना, वाटणीसाठी? वाटणी नव्हती रे. छातीत स्प्रिंग बसवलीय.”

मी डब्याकडे पाहिलं. नाना सामान वर टाकत होते.

“डॉक्टर म्हणाला, जा, पण दमायचं नाही. सेठला कळलं, तर कडोदरा गेलं. आणि हा माणूस घरी बसला, तर खचून जाईल. जसा ली जाशी, तसाच परत ली ये. आणि मी सांगितलं, हे त्याला कळू देऊ नको. तुला माझी शपथ.”

तेवढ्यात नाना खिडकीतून ओरडले, “भटू, तू चढतोस का नानीलाच बसवू?”

अख्खा डबा हसला. मी चढलो ते नानांच्या छातीकडे बघतच.

*

ट्रेनिंग बरं गेलं. एसी हॉल, बसायला खुर्च्या. नानांनी तर त्यांच्याच माणसाला एका मशीनचा बिघाड दाखवून दिला. मी म्हटलं, सुटलो!

सहा दिवसांनी ट्रेनिंग संपलं, आणि लिऊनं सेठला सांगून आमचा मुक्काम दहा दिवस वाढवला, स्वतः रजा काढली. सोबत त्याचा दोस्त वांग, पैलवान गडी. “अब हम घुमाएगा!” आई शपथ सांगतो, तो माणूस नानींचं सगळं जेवण फेडायला निघाला होता. सकाळी सहाला दारावर थाप. देऊळ, बाजार, जुनी गल्ली, पूल, पुन्हा देऊळ. सगळं पायी! संध्याकाळी मोबाईलवर पावलं मोजून दाखवायचा आणि आकडा कमी वाटला, की आणखी एक बाग.

नाना म्हणायचे, “लिऊ, बस हुआ.”

लिऊ हसायचा. “नाना शरमाता है! एक और!”

आता झाली का पंचाईत! नानांचंच शिकवणं नानांच्याच गळ्यात. आणि त्यांचा स्वभाव असा, की तिसऱ्यांदा ‘नको’ म्हणायला लाज वाटायची. मी मागून चालत त्यांचा श्वास मोजायचो. ते खोकले, की माझा हिशोब चुकायचा आणि मी पुन्हा एकपासून सुरू करायचो.

*

मग मी एक डोकं लढवलं. एका मोठ्या तळ्याच्या काठी मी फतकल मारून बसलो. “लिऊ, मी थकलो. माझे पाय गेले. चला हॉटेलवर!”

नानांनी माझी काय उतरवावी! “अरे, तरणाबांड गडी तू! मी दर चैत्रात वणीच्या गडावर पायी जायचो. तुला या सपाट रस्त्यावर दम लागतो? नाव घालवशील खान्देशचं!”

मी खाली मान घालून ऐकून घेतलं. म्हटलं, शिव्या खाईन, पण माणूस बसेल तरी.

लिऊला माझी फार दया आली. त्यानं मला उचलून पाय चोळायच्या दुकानात नेऊन बसवलं, गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवले आणि म्हणाला, “तू आराम कर. तब तक मैं नाना को तालाब का पूरा चक्कर घुमाता हूँ!”

पाय बादलीत, एक बाई माझी टाच धरून बसलेली, आणि काचेतून मला नाना लांब लांब जाताना दिसत होते. दीड तास मी त्या काचेला नाक लावून बसलो होतो.

*

त्याच्या दुसऱ्या दिवशी नाना हरवले.

मेट्रोला ही गर्दी! नाना आत शिरले, दार मिटलं, आणि मी, लिऊ, वांग बाहेरच. नानांचा फोन तिथं चालत नव्हता. काचेतून त्यांनी हात हलवला, आणि गाडी गेली.

“नेक्स्ट स्टेशन पे उतरेगा,” लिऊ म्हणाला.

पुढच्या स्टेशनावर पाहिलं, नाहीत. त्याच्या पुढच्यावर पाहिलं, नाहीत. मला डोळ्यांसमोर नानी दिसायला लागल्या, त्याच नळापाशी उभ्या. त्यांना काय सांगू? कुठल्या तोंडानं उतरू उधन्याला?

आम्ही परत पहिल्या स्टेशनावर आलो आणि टोकापर्यंत पळत गेलो. शेवटच्या खांबामागं बाकावर नाना होते, उलट्या गाडीनं परत आलेले. मान छातीवर पडलेली, तोंड उघडं, एक बूट पायातून निघालेला.

मी धावलो आणि दोन्ही खांदे धरून हलवले. “नानाऽऽ!” सगळा प्लॅटफॉर्म वळून बघायला लागला.

नानांनी एक डोळा उघडला. “कशाला बोंबलतोस रे? चार दिवसांत पहिल्यांदा लिऊनं मला एकटं सोडलं होतं!”

*

पाहुणा हरवला म्हणून लिऊ फार शरमला. भरपाई म्हणून त्यानं सगळ्यात मोठा बेत काढला. डोंगर, आणि डोंगरावर देऊळ.

“सीढ़ी कितना है?” मी विचारलं.

“थोड़ा,” लिऊ म्हणाला.

खालून वर पाहिलं, तर पायऱ्या ढगात गेलेल्या. मी तिथंच लोळण घेतली. पोटात दुखतंय, डोकं फिरतंय, सगळी नाटकं केली. नाना म्हणाले, “तू बस इथं रडत. मी जाऊन येतो.” मग काय, मी उठलो आणि त्यांच्या मागं लागलो.

अर्ध्या वाटेवर नाना थांबले. कपाळावर घाम, आणि तोही थंडीत. मी म्हटलं, “नाना, बसा जरा. मला दम लागलाय.”

त्यांनी शिवी दिली नाही. खान्देशचं नावही काढलं नाही. मी खरा घाबरलो तो तेव्हा.

लिऊ वरून उतरला. “बस, सौ सीढ़ी! ऊपर चाय है!”

“नको,” नाना म्हणाले.

“शरमाओ मत, नाना!” त्यानं त्यांचा दंड धरला.

“नको रे.”

“चालसे, चालसे!” म्हणत लिऊनं ओढलं, वांगनं मागून हात दिला. दोघं मिळून त्यांना वर चढवायला लागले. नानांचे ओठ हलले, आवाज आला नाही.

मला ओरडायचं होतं, याच्या छातीत स्प्रिंग आहे, सोडा त्याला! पण भीतीनं माझी हिंदीच पळाली. मी अहिराणीत किंचाळत होतो. लिऊला वाटलं, मी पुन्हा दमलो. “तू बैठ, भटू!” म्हणाला आणि पुढच्या पायरीवर पाय ठेवला.

नानांचे गुडघे वाकले आणि ते बसले. समोरच्या पायरीवर त्यांनी दोन्ही तळवे आडवे ठेवले आणि मान खाली घातली.

लिऊ बघतच राहिला. त्या हातांकडे बघितलं, मग नानांच्या तोंडाकडे. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. चिनीत काहीतरी ओरडला, वांगनं हात सोडला. लिऊ नानांच्या पुढं पाठ करून उकिडवा बसला. “नाना, आओ. नीचे. अभी नीचे.”

नानांनी शर्टाच्या खिशातून गोळी काढून जिभेखाली ठेवली. मला काही माहीत नाही असं दाखवायचं होतं ना, म्हणून मी डोंगराकडे तोंड केलं. कसली सवय बघा!

लिऊ आणि वांगनं आळीपाळीनं त्यांना पाठीवर घेऊन सगळ्या पायऱ्या उतरवल्या. मी मागून नानांचे बूट घेऊन रडत येत होतो. निम्म्या वाटेवर नानांनी लिऊच्या खांद्यावरून मान वळवली.

“नानीनं सांगितलं होतं ना तुला?”

“हो.”

“कधी?”

“उधना स्टेशनवर.”

दहा-बारा पायऱ्या उतरून झाल्या. मग ते म्हणाले, “म्हणजे तू एकदाही दमला नव्हतास?”

“नाही, नाना.”

*

दवाखान्यात रात्रभर ठेवलं. डॉक्टरीणबाई लिऊला खूप वेळ झापत होत्या. त्यानं आम्हाला एवढंच सांगितलं, “नाना ठीक. चार दिन सोना.” आणि हॉटेलवर ते चारही दिवस तो नानांच्या पलंगाशेजारी बसून राहिला. नाना नुसतं पाणी प्यायला उठले, तरी हा उभा!

त्यातच सेठचा व्हिडिओ कॉल आला. फोन लिऊच्या हातात. एका शब्दानं कडोदरा जाणार होतं.

“शुं लिऊभाई, सब होटल में काहे? घूमने नहीं गए?” सेठनं विचारलं.

लिऊनं नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “सेठ, क्या करे? नाना तो एकदम पावरफुल. लेकिन ये भटू थक गया!”

सेठ खो खो हसला. लिऊनं कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी दोन्ही हातांनी पाय चोळायला लागलो.

आम्ही उधन्याला उतरायच्या आत माझं नाव अख्ख्या कारखान्यात पोचलेलं होतं.

*

कडोदऱ्याची मशीनं बसली. पहिलं डिझाइन निघालं त्या दिवशी नानांनी सेठच्या केबिनमध्ये जाऊन स्वतःच्या तोंडानं सगळं सांगून टाकलं. सेठ तासभर ओरडला आणि दुसऱ्या दिवशी नानांच्या टेबलाशेजारी एक आरामखुर्ची आणून ठेवली. “जिना चढताना दिसलात, तर याद राखा,” म्हणाला. माझं थकेला नाव मात्र तसंच राहिलं. ते काही कुणी परत घेतलं नाही.

यंदा आखाजीला लिऊ सुरतेत होता. बमरोलीला नानींनी खापर मांडलं. नानींना डोंगराचं सगळं ठाऊक होतं. त्या लिऊशी त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत, नुसत्या वाढत होत्या.

लिऊही मुकाट खात होता. दोन झाले, तीन झाले. चौथ्यालाही तो ‘नको’ म्हणाला नाही. पाचवा कसाबसा संपवला. कानशिलावरून घाम ओघळत होता, पण मान वर करेना. नानींनी सहावा मांडा उचलला.

“ले ना भो, आखो एक.”

लिऊनं ताट पुढं केलं.

शेजारच्या पाटावरून नाना वाकले, आणि त्यांनी आपले दोन्ही हात लिऊच्या ताटावर आडवे धरले.