दोन हिरव्या पाट्या

काल बेसमेंटमध्ये विंटर टायर हलवताना मागे निवडणुकीच्या दोन हिरव्या पाट्या सापडल्या, खुंटांवरच्या वाळक्या चिखलासकट, आणि आज ते सांगूनच टाकतो. इथे कॅनडात, मिल्टनला आमच्या शेजारी एक आयरिश बाई राहायच्या. तिकडे आयर्लंडमध्ये त्या एक नदी वाचवण्यासाठी लढून निवडून आलेल्या. इथे घरांमागचं तळं बुजवू नये म्हणून टाउन कौन्सिलला उभ्या राहिल्या. त्यांच्या प्रचाराची पाटी मी हौसेने लॉनवर लावून घेतली. पण तळ्यावर घरं बांधणाऱ्या कंपनीतच माझी नोकरी, आणि त्या रविवारी साहेब जेवायला येणार होते, म्हणून सकाळीच मी ती उपटून लपवली. तासाभरात बाई हातोडी घेऊन दारात. "पाटी कुठे गेली रे?" "वाऱ्याने उडाली असेल." त्या हसल्या, "आयर्लंडचा वारा इथेही पाठ सोडत नाही बघ!" आणि ओल्या गवतात गुडघे टेकून त्यांनी दुसरी ठोकली. बायको म्हणाली, "अहो, निदान चहा तरी विचारा." मी विचारला नाही. त्या वळताच तीही उपटली. त्या हरल्या, तळं बुजलं. मागच्या हिवाळ्यात त्याही गेल्या. पाट्या उपटल्या त्या सकाळी मेपलचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि हे त्यांनाही दिसत होतं.