भिंतीकडची कूस

बारामतीच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं सिस्टर होते. जीभ पहिल्यापासून तिखट. झोपून असलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलून द्या, नाहीतर पाठीला जखमा होतात, हे नातेवाइकांना मी दटावूनच सांगायचे.

सणसरच्या एका आबांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं, वाचाही गेली होती. सोबतीला त्यांची बायको. तिला मी मावशी म्हणायचे. फरफटवायचं नाही, उचलून वळवायचं, पाठीमागं उशी लावायची, हे तिनं एकदा बघून उचललं. उसाच्या पाण्यासारखी ही पण पाळीच की, म्हणाली. मला हायसं वाटलं. वॉर्डात आमची माणसं कमी, म्हणून दुपारचं वळवणं तिच्यावर सोडलं. संध्याकाळी तिला विचारून कूस बदलल्याच्या वेळांचा तक्ता भरायचा नि सही ठोकायची. सकाळी अंग पुसताना पाठ बघायची ती मात्र मी. दोन दिवस घाईत तेही राहिलं.

तिसऱ्या दिवशी वळवलं, तर माकडहाडावरची कातडी काळी पडून सोलवटली होती. मी भर वॉर्डात मावशीवर तोंड सोडलं. माझ्याशी खोटं बोललात, असंही म्हणाले.

ती खाली बघत म्हणाली, "दुपारभर भावकी येती भेटायला. भित्तीकडं तोंड केलं की समद्यांकडं पाठ हुती वो. ह्यांनी जन्मात कुणाला पाठ न्हाय दाखवली."

दुसरी कूस लुळ्या अंगाची, तिच्यावर फार वेळ ठेवायचं नव्हतं. म्हणून माणसं असेपर्यंत आबा उताणे. आणि माणसं पाच-पाच तास असायची.

खाटेला चाकं होती. मी ती भिंतीपासून हातभर ओढली आणि पाहुण्यांना सांगितलं, आबांचं तोंड असेल त्या बाजूला बसा. एवढंच करायचं होतं. ते मला पहिल्या दिवशी सुचलं नाही, याचा अजून संताप येतो.

जखम चिघळत गेली. ताप उतरेना. महिन्याच्या आत आबा गेले. शेवटी शेवटी डाव्या, भिंतीकडच्या कुशीवर असायचे, तोंड पाहुण्यांकडं.

निघताना मावशीनं माझे दोन्ही हात धरले. "माझ्या हातनं चुकलं, सिस्टर," म्हणाली.

तक्त्यावर सही माझी होती. तेवढं सांगायला त्या दिवशी माझी जीभ वळली नाही.