आमच्या साडभाऊंचा कक्षसंगीत महोत्सव

भंडारा जिल्ह्यात आवाजाचा इतका तिटकारा असलेला संगीतप्रेमी आमच्या साडभाऊंच्या आधी झाला नाही आणि पुढेही होण्याची शक्यता नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. पाटबंधारे खात्यात त्यांनी उभा जन्म कालव्यांचे नकाशे काढले. तोवर संगीताशी त्यांचा संबंध शेजारच्या लग्नातला डीजे बंद करायला पोलिसांना फोन करण्यापुरताच होता. निवृत्तीनंतर ताईंसह मुलीकडे जर्मनीत तीन महिने राहून आले आणि सगळं बिघडलं. तिथे म्हणे कुणाच्या तरी दिवाणखान्यात चार माणसं माईकशिवाय वाजवतात आणि पंचवीस माणसं श्वास रोखून ऐकतात. चौघांच्या वाजवण्यापेक्षा पंचवीस जणांचं गप्प बसणंच साडभाऊंना जास्त भावलं असावं, असा माझा जुना संशय आहे.

परत येताच त्यांनी स्वतःच्या घराच्या हॉलमध्ये तसाच महोत्सव सुरू केला. जानेवारीतला शनिवार जुन्या रचनांना, रविवार आजच्या रचनांना. वाजवायला नागपूरचे चौघे, दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो. एरवी हे चौघे रिसेप्शनमध्ये सिनेमातली गाणी वाजवत. साडभाऊंच्या लेखी ते त्यांचं पूर्वायुष्य होतं आणि त्याचा उल्लेख करायला बंदी होती. महोत्सवाला नाव काय द्यावं यावर ते महिनाभर झुरले आणि शेवटी ‘चेंबर म्युझिक’चं मराठी म्हणून ‘कक्षसंगीत’ हा शब्द काढला. पत्रिका वाटायला आम्ही त्यांच्या जुन्या कचेरीत गेलो, तर पहिल्याच टेबलावरच्या बाबूने ती उलटसुलट पाहून विचारलं, “कक्ष क्रमांक नाही टाकला याच्यावर?” बाहेर पडताना साडभाऊ मला म्हणाले, “अशा लोकायसाठीच तर करून राहिलो मी हे.”

पत्रिकेच्या मागच्या बाजूला सूचना होत्या, आणि त्या कार्यक्रमापेक्षा लांब होत्या. खोकला असल्यास येऊ नये. सळसळणारी साडी नेसू नये. बाळाने ‘शक्यतो’ येऊ नये. महोत्सवाच्या आदल्या दिवशी ते गल्लीत घरोघर फिरून संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान कुकर लावू नका म्हणून सांगत. समोरच्या मेश्राम सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, कुणाला भीक न घालणाऱ्या. त्यांनी दारातच विचारलं, “तुमच्या बाजापायी आम्ही काय कच्ची दाळ खायची?” तरी त्या आल्या, आणि पहिल्या रांगेत बसल्या.

पहिल्या वर्षी एकोडीहून ताईंचे मामा आले होते. धानाची मळणी आटोपून, स्वच्छ धोतर नेसून. रचनेचा पहिला भाग संपला आणि मामांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. रचनेला चार भाग असतात आणि टाळ्या फक्त शेवटी वाजवतात, हे त्यांना कोण सांगणार? साडभाऊंनी मान वळवून असं काही पाहिलं की मामांचे हात मांडीखाली गेले. त्याचा परिणाम असा झाला की शेवटचा भाग संपल्यावरही कुणी टाळी वाजवेना. चौघे गज धरून बसलेले, समोर सगळे गप्प. अखेर साडभाऊच म्हणाले, “संपलं आता. वाजवा.” दुसऱ्या दिवशी आजच्या रचना होत्या. कलावंत गजाच्या लाकडाने तारांवर टकटक करत होते, मध्येच एखादी तार खरवडत होते. बऱ्याच वेळाने मामांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “अजून जुळवूनच राहिले काय जी हे?” मी हसू दाबताना खोकलो. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेत खोकल्याची सूचना ठळक अक्षरांत आली.

तिसऱ्या महोत्सवाआधीच्या दिवाळीनंतर ताईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. यंदा हे थांबेल असं आम्ही धरून चाललो होतो, तर जानेवारीत पत्रिका आली. माझी बायको भडकली. “ताई तिकडे पडून आहे अन् यांले बाजे सुचून राहिले,” म्हणाली. खडे बोल सुनावायचे ठरवूनच आम्ही गेलो.

हॉल रिकामा होता. चौघे कलावंत मागच्या खोलीत, ताईंच्या पलंगाभोवती दाटीवाटीने बसले होते. चेलोवाला कपाट आणि चाकाच्या खुर्चीच्या मध्ये अडकला होता, व्हायोलिनवालीचं कोपर औषधांच्या फळीला लागत होतं. ऐकायला मामा, मेश्राम सिस्टर आणि दारात उभे आम्ही दोघं. मागच्या दोन्ही वर्षी ताई पाहुण्यांच्या चहापाण्यातच होत्या. बसून त्यांनी एक सूरही ऐकला नव्हता, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

संथ भाग चालू होता. मध्येच ताईंचे ओठ हलले. दोन महिन्यांत त्यांचा एक शब्द कुणाला कळला नव्हता, पण हे सगळ्यांना कळलं. “या सगळ्यांनी... खाल्लं का... काही?”

गज थांबले. साडभाऊ वाकून, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, “खाल्लं. पोहे केले मी. मीठ कमी पडलं.”

ताईंच्या ओठांची डावी बाजू हसली. मेश्राम सिस्टरांनी चष्मा काढून पदराने पुसला. साडभाऊ पलंगाच्या कडेवर बसले, ताईंचा निर्जीव हात मांडीवर घेतला आणि कलावंतांना म्हणाले, “हं, घ्या पुढे.” मग त्या हातावर एका बोटाने ते ठेका धरत राहिले. ठेका साफ चुकत होता.

कार्यक्रम आटोपल्यावर साडभाऊ आणि मी ओट्यावर बसलो. ऊन उतरलं होतं.

“जर्मनीत दर आठवड्याले मी ऐकाले जात होतो, भाऊ,” ते म्हणाले. “ही घरी नातीले सांभाळत होती. परत आलो की विचारे, कसं वाजवलं जी? मी म्हणो, तुले नाही समजत ते.”

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि ताईंची कूस बदलायची वेळ झाली म्हणून उठून आत गेले.